पाणी, चर आणि पंगत : आरेच्या रानातला मुक्काम

‘हे सगळं चालवतं तरी कोण?’ मुक्कामाला जाऊन आल्यापासून हा प्रश्न मला ऑफिसात, सोसायटीत आणि माहेरी सगळ्यांनी विचारला. संस्था कुठली, फी किती, मुख्य कोण? यातलं काहीच नव्हतं म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय. म्हणून तिथं रोज काय काय होत होतं, ते सविस्तर लिहायचं ठरवलं.

जागा आरेची. गोरेगावला पूर्वेला उतरून रिक्षाने जाता येतं, तिथलीच. 1951 साली इथं दूध वसाहत झाली आणि शहराला आरे म्हणजे दूध हे समीकरण पाठ झालं. पण गोठे उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून या टेकड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा लोकांची वस्ती आहे. आजही आरेत 27 पाडे मोजले जातात. त्यातल्या एका पाड्यावर भाताची झोडणी झाली की मोकळ्या खाचरांत काही दिवस बाहेरची माणसं येऊन राहतात. पाड्याचं नाव देत नाही, त्याचं कारण पुढे येईल. या खेपेला आम्ही साठेक जण होतो. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका, परळच्या मोठ्या इस्पितळातल्या एक सिस्टर, कॉलेजातली मुलं, दोन कुटुंबं लहान पोरांसकट आणि पाड्यावरची घरं. सकाळी ओढ्यातला कचरा काढायचा, घाणेरीची झुडपं मुळासकट उपटायची, दुपारी शिकायचं, संध्याकाळी गोल करून बसायचं. स्वयंपाक, पाणी, सफाई सगळं आपणच करायचं. कुणालाच पगार नाही.

असे मेळे जगात इतरत्रही भरतात. अमेरिकेत 1972 साली कोलोरॅडो राज्यात स्ट्रॉबेरी लेकजवळ पहिलं रेनबो गॅदरिंग भरलं. तेव्हापासून दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला तिथल्या एखाद्या राष्ट्रीय वनात हजारो माणसं जमतात. प्रवेशशुल्क नाही, अधिकृत नेता नाही, जेवण फुकट. खर्चासाठी टोपी फिरते. चार जुलैला सकाळपासून दुपारपर्यंत सगळे मौन पाळतात आणि शांततेसाठी प्रार्थना करतात. आमच्यातल्या एका मुलाने हे सगळं वाचलेलं होतं आणि तो फार ओढीने सांगत होता. काका म्हणाले, ‘अरे, आषाढीला दिंडीत ये एकदा. हजारोंची पंगत रोज नव्या गावात उठते.’ दोघांचंही खरं होतं. फरक एवढाच की दिंडीला विणेकरी असतो, चोपदार असतो, मुक्कामांची यादी ठरलेली असते. आमच्याकडे यातलं काही नव्हतं.

नेता नसला की पहिली अडचण कागदावर येते. अमेरिकेत राष्ट्रीय वनात 75 किंवा त्याहून जास्त माणसं जमायची असतील तर परवाना लागतो आणि परवान्यावर कुणाची तरी सही लागते. ‘आमच्यात कुणीच प्रमुख नाही, मग सही कोण करणार?’ यावरून तिथं वर्षानुवर्षं वनखात्याशी खटके उडत आले आहेत. आमचं प्रमाण लहान आणि जागा पाड्याची. तरी आरे प्रशासनाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवलं होतं. त्या अर्जावर पाड्यातल्या दोन वडीलधाऱ्यांची आणि आमच्यातल्या तिघांची सही होती. काही मुलांना हे खटकलं. सही आली की अधिकार आला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. उद्या वणवा लागला, कुणाला काही चावलं, तर पोलीस येऊन पाड्यातल्या माणसालाच विचारणार. पाहुणे निघून जातात, घरं तिथंच राहतात. ज्यांच्या अंगणात आपण झोपतो त्यांच्या नावाशेजारी आपलं नाव असायलाच हवं.

मी गेले तेव्हा कुणी काम नेमून दिलं नाही. कणगीशेजारी एक फळा टेकवलेला होता. त्यावर लिहिलं होतं : पाणी, चर (शौचासाठी खणलेले), चूल, भांडी, पोरं, रात्र. ज्याला जे करायचं त्याने त्यापुढे आपलं नाव लिहायचं. ‘चूल’पुढे नावांची गर्दी. ‘पोरं’पुढेही बरीच. ‘पाणी’पुढे एकच नाव, काकांचं. मी दुसरं लिहिलं.

पाड्यावर नळ आहे, पण पाणी पहाटे आणि तेही थोडाच वेळ येतं. शिवाय एक विहीर. आल्या आल्या तिथल्या मावशींनी काकांना आणि मला विहिरीवर नेलं आणि स्पष्ट सांगितलं, ‘पहाटेचा नळ आमचा. इहिरीचं पानी भांड्याला घ्या, पन आमच्या बायांचं भरून झाल्यावर.’ मुक्कामाचा हा पहिला नियम, आणि तो ना फळ्यावर होता ना कुणी मतदानाने ठरवलेला. तो कुणी मोडलाही नाही. विहार तलाव इथून हाकेच्या अंतरावर आहे. 1860 च्या सुमारास मुंबईला नळाचं पहिलं पाणी त्याच तलावातून गेलं. ते पाणी ज्यांच्या टेकड्यांवरून उतरतं त्यांच्या बाया आजही हंडे घेऊन पहाटेची वाट बघतात. माझ्या घरी बटण दाबलं की टाकी भरते. हे आधी माहीत नव्हतं असं नाही, पण हंड्यांच्या रांगेत आपला नंबर शेवटी लावून उभं राहिल्यावर ते नीट कळलं आणि रागही आला.

मग पाणी आणायचं कुठून? आपत्तीतल्या छावण्यांसाठी एक जागतिक मोजमाप आहे : माणशी रोज किमान 15 लिटर. पिणं, स्वयंपाक, धुणं, आंघोळ सगळं त्यात. साठ माणसांना म्हणजे 900 लिटर. मोठा टँकर त्या वाटेवर चढत नाही. म्हणून ‘छोटा हत्ती’ टेम्पो ठरवला; त्यावर हजार लिटरची काळी टाकी बांधून तो रोज सकाळी गोरेगावहून यायचा. खाचराच्या बांधापर्यंत गाडी, तिथून पाइप, पाइप संपला की बादल्यांची साखळी. पिण्याचं पाणी वेगळ्या पिंपात, तुरटी फिरवून, गाळून आणि क्लोरीनच्या गोळ्या टाकून. त्या गोळ्यांचा वास पोरांना आवडेना. सिस्टरनी मात्र ऐकलं नाही. ‘साठ माणसांत एकाला जुलाब लागले की दुसऱ्या दिवशी वीस जणांना लागतात,’ एवढंच म्हणाल्या आणि गोळ्यांची डबी स्वतःच्या पिशवीत ठेवली. झाकण उघडं राहिलं की त्यांचा आवाज शिवारभर ऐकू यायचा.

सकाळी सहाला मी पिंपांतलं पाणी मोजायचे. काकांनी काठीवर खुणा केल्या होत्या; काठी पिंपात बुडवली की किती उरलं ते कळायचं. ही काठी मला फार आवडली. ‘पाणी जपून वापरा’ असं साठ माणसांना सांगून काही होत नाही; काल किती गेलं आणि आज किती उरलं ते फळ्यावर लिहिलं की होतं. दोनतीन दिवसांत लोक आपणहून काठी बघायला यायला लागले.

पाण्यानंतर चर. याबद्दल लिहायला लोक लाजतात, पण माझ्या मते रानातला मुक्काम टिकतो की मोडतो ते इथंच ठरतं. वीस माणसांमागे एक शौचालय हे त्याच मोजमापातलं आणखी एक. आमचे तीन चर होते. विहिरीपासून आणि ओढ्यापासून निदान 30 मीटर दूर, उताराच्या बाजूला. आरेची जमीन वर माती आणि खाली मुरूम. फूटभर गेल्यावर कुदळीतून ठिणग्या उडतात. गुडघ्याच्या वर खोल खणायला पाड्यातल्या दादांनी पहार दिली, आणि पहार कुठे मारायची तेही दाखवलं. बाजूला राखेचा डबा आणि चाळलेल्या मातीचा ढीग. ज्याने वापरला त्याने राख-माती टाकायची, दिसेनासं होईपर्यंत. हात धुवायला तेलाचा रिकामा कॅन दोरीने टांगलेला. खालची काठी पायाने दाबली की कॅन कलतो, धार पडते, हाताला कशालाच स्पर्श करावा लागत नाही. शेजारी जाळीच्या पिशवीत साबण. बायकांच्या चराला ताडपत्रीवर जुन्या साड्यांचा आडोसा, आत खुंटी आणि पाळीच्या कचऱ्यासाठी झाकणाचा डबा. हा डबा हवाच, असं सिस्टर आणि मी धरून बसलो. काही मुलग्यांना तो कशाला ते समजलं नव्हतं. एकदा समजावून सांगितल्यावर त्यांच्यातल्याच एकाने तो रिकामा करण्यापुढे फळ्यावर आपलं नाव लिहिलं.

चराची जागा ठरवताना सगळ्यात मोठा विचार बिबट्याचा होता. संजय गांधी उद्यान आणि आरे मिळून हा बिबट्याचाच मुलूख आहे. कॅमेऱ्यांत टिपलेले बिबटे मोजले तेव्हा 2015 च्या मोजणीत 35 आणि 2018च्या सुमारास 47 भरले. शहराच्या इतक्या जवळ इतके बिबटे जगात फारच थोड्या ठिकाणी असतील. बिबट्या उभ्या मोठ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. धोका अंधारात एकट्या पोराला आणि बाहेर उकिडव्या बसलेल्याला. म्हणून चरापर्यंतच्या वाटेवर सौरदिवे, अंधार पडल्यावर दोघांनी मिळून जायचं, जाताना बोलत किंवा काठी आपटत जायचं, आणि पोरं मोठ्याचा हात धरल्याशिवाय नाहीत. ‘रात्र’पुढे ज्यांची नावं त्यांनी पाळीपाळीने जागायचं. मावशी म्हणाल्या, ‘त्यो आमच्यात राहतो, आमी त्याच्यात राहतो. घाबरायचं नाय, पन विसरायचं बी नाय.’ पाड्याच्या वरच्या अंगाला वाघोबाचं ठाणं आहे. आश्विनात वाघबारशीला त्याला नैवेद्य होतो. आम्हीही पहिल्या दिवशी तिथं नारळ ठेवला, आणि तो मावशींच्या हातून, कारण तो मान त्यांचा.

बिबट्याचा आणि स्वयंपाकघराचा थेट संबंध आहे. उष्टं उघड्यावर पडलं की भटकी कुत्री येतात, आणि उद्यानाच्या कडेने राहणाऱ्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे आपण पानात टाकलेला भात फिरून बिबट्याला दाराशी आणतो. त्यामुळे ‘पानात टाकू नका’ हे इथं संस्काराचं वाक्य राहिलं नव्हतं, ती रात्रीची सुरक्षा होती. उरलंसुरलं झाकणाच्या डब्यात, सांडपाणी शोषखड्ड्यात. खड्ड्यात खाली दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि वर उष्टं अडवायला गोणपाट.

चूल म्हणजे खरं तर भट्टी. रानातलं लाकूड तोडायचं नाही हे ठरलेलं, म्हणून व्यावसायिक सिलिंडर आणला होता. साठ जणांची खिचडी म्हणजे सहा किलो तांदूळ, तीन किलो मूगडाळ आणि तीसेक लिटर आधण. एवढा टोप उतरवायला चार माणसं लागतात आणि चौघांनी एकाच वेळी उचलावं लागतं. डोंबिवलीच्या एक काकू होत्या, आयुष्यभर घरी चौघांचा स्वयंपाक केलेल्या. पहिल्या दिवशी त्या बाजूला बसून लसूण सोलत होत्या. तिसऱ्या दिवशी झारा त्यांच्या हातात आणि कॉलेजची पोरं त्यांच्या हुकमात. ‘मीठ शेवटी, आणि मीठ टाकणारा एकच,’ हा त्यांचा कायदा. मोठ्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडतं ते चार माणसं काळजीने टाकतात म्हणून.

भाजी पाड्यातल्या वाड्यांतलीच घ्यायची : वालपापडी, दुधी, माठ. गोरेगावच्या बाजारात जो भाव तोच भाव, घासाघीस नाही. तांदळाच्या भाकऱ्या मावशी आणि त्यांच्या सुना थापायच्या, त्याचे पैसे रोज संध्याकाळी हातात. यावर गोलात बरीच चर्चा झाली. सगळे स्वयंसेवक, मग त्यांनाच पैसे का? मावशींच्या सुनेनेच उत्तर दिलं. ‘तुमी सुट्टी काढून आलाय. आमचा रोज बुडतो.’ त्यापुढे कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. मला वाटतं, स्वयंसेवेवर चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी हे आधी विचारायला हवं : फुकट काम करणं कुणाला परवडतं?

पैशांसाठी चुलीजवळ झाकणाला फट पाडलेला स्टीलचा डबा होता. कुणी किती टाकलं ते बघायचं नाही. रोज रात्री दोघांनी मोजून जमाखर्च फळ्यावर लिहायचा : टाकी, सिलिंडर, भाजी, भाकरी, शिल्लक. ज्या दिवशी शिल्लक कमी दिसली त्या रात्री डबा जड झाला. माझं कामच हिशेबाचं, त्यामुळे हे मला विशेष वाटलं. उघड्यावर लिहिलेल्या आकड्याला वसुली करावी लागत नाही.

जेवण पंगतीने. सगळे बसल्याशिवाय वाढायला सुरुवात नाही, वाढणारे शेवटी जेवणार, आणि आपलं ताट आपणच धुवायचं, तीन घमेल्यांत : पहिल्यात राखेने घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात गरम पाणी. शाळकरी पोरांना हे काम का कोण जाणे फार आवडायचं.

संध्याकाळच्या गोलात वाढायचा डाव हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात डाव तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. निर्णय बहुमताने नाही. एकाचाही ठाम नकार असेल तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. हे फार वेळखाऊ आहे. एका संध्याकाळी स्पीकरवर गाणी लावावीत की नाही यावर जेवण थंड होईपर्यंत डाव फिरला. मुलांचं म्हणणं, रोज आम्ही ओढ्यात राबतो, थोडी मजा नको? शेवटी पाड्यातले एक आजोबा डाव हातात घेऊन म्हणाले, ‘रातीला रान आयकलं पायजे. कोन येतो, कोन जातो, आवाजावरनं कळतं.’ त्या रात्री ज्यांनी स्पीकर आणला होता त्यांनीच तो गाडीत ठेवला. बहुमताने हेच ठरलं असतं तर हरलेले रुसून बसले असते. तरी सांगते, चिडून मी दोनदा मध्येच उठून पाणी बघायला गेले. ज्याला पहाटे उठायचं असतं त्याच्यावर लांबलेला गोल अन्याय करतो, आणि हे मी डाव हातात आल्यावर सांगितलंही. पुढे गोलाला वेळ बांधून घेतली.

दुसरा मोठा निर्णय फोटोंचा. ठिकाण दिसेल असा एकही फोटो टाकायचा नाही, पाड्याचं नाव कुठे लिहायचं नाही. शनिवार-रविवारी आरेत गाड्या घेऊन, बाटल्या टाकून जाणारे किती येतात ते आम्ही ओढ्यातून उपसलेल्या काचांवरून मोजलं होतं. शिवाय 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत इथं झाडं कशी पाडली गेली, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांवर झाडं कशी गेली, हे पाड्यातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या जागेकडे कुणाची नजर जावी आणि कुणाची जाऊ नये, हे ठरवायचा हक्क त्यांचा.

मध्ये एक दिवस आम्ही काही जण बोरिवलीच्या दाराने कान्हेरीला गेलो. आरेतून जंगलातून जायला परवानगी नाही, आणि नसावीच. कान्हेरी मी शाळेत असताना पाहिली होती. या वेळी नजर वेगळ्याच गोष्टींवर पडली. शंभरावर लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकाशेजारी पाण्याची पोढी. छतावर, कड्यांवर पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी त्यातून बरोबर पोढीत उतरतं. अकराव्या लेण्यात दगडाचे दोन लांबच लांब बुटके कट्टे समोरासमोर आहेत. भिक्खू तिथं ओळीने बसत असावेत, असं अभ्यासक मानतात. मी तिथं बसून पाहिलं : थेट पंगत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षं माणसं इथं एकत्र राहिली, जेवली, शिकली. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी लेणी आणि पोढी दान दिली, त्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. पोढीतला गाळ कोण काढत असेल? दर उन्हाळ्यात कुणीतरी उतरत असणारच. ते नाव कुठे दिसलं नाही. काका बराच वेळ पोढीच्या काठावर उभे होते. परतताना बसमध्ये म्हणाले, ‘उतार बघितलास? एक थेंब वाया नाही.’

रात्री कधी कधी तारपा वाजायचा. दुधीभोपळ्याचा तो लांब सूर, वाजवणारा मध्ये आणि त्याच्याकडे पाठ न करता फिरणारी माणसांची साखळी. आम्हाला हात धरून साखळीत घेतलं, पावलं शिकवली, चुकलो तर हसले आणि पुन्हा शिकवलं. याबद्दल जास्त लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

शेवटचे दोन दिवस फक्त आवराआवरीचे. अर्धी माणसं तोवर निघून गेलेली असतात, हे सगळीकडे तसंच असावं. अमेरिकेतल्या मेळ्यातही शेवटी मागे राहून जागा पूर्ववत करणारी वेगळी टोळी असते, असं तो मुलगा सांगत होता. आम्ही बारा-पंधरा जण उरलो. चर बुजवले, वर काढलेला मुरूम खाली आणि माती वर अशाच क्रमाने, आणि पावसात खचेल म्हणून थोडा उंचवटा ठेवला. जागेवर खुणेचे दगड मांडले, म्हणजे पुढच्या वर्षी तिथं पुन्हा खणलं जाणार नाही. शोषखड्ड्यातलं गोणपाट काढून नेलं. सगळे एका ओळीत हातभर अंतराने उभे राहून खाचराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चाललो : बाटल्यांची झाकणं, रबरबँड, गोळ्यांची चांदी, एक दुधाचा दात. दात त्या पोरीच्या आईकडे पोचवला.

उरलेले तांदूळ आणि डाळ पाड्यावरच्या अंगणवाडीला दिली. टाकीवाल्याचा आणि भाकऱ्यांचा शेवटचा हिशेब चुकता केला, डब्यात थोडे पैसे उरले, ते पाड्याच्या विहिरीच्या रहाटाला. मावशींनी रहाटाची कुरकुरणारी पुली आधीच दाखवून ठेवली होती. शेवटच्या गोलात पुढच्या मुक्कामाची तारीख काढायचा प्रयत्न झाला. आजोबा म्हणाले, झोडणी कधी होते ते पावसावर, आमी कळवू. फळा मावशींच्या पडवीत राहिला. निघण्याआधी काका त्यावर ‘पाणी’पुढे आपलं नाव लिहून आले होते. मी खाली माझं लिहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या स्पीकरवाल्या मुलानेही खडू मागितला.